उधाणाचे नमुने

माझ्या गाइडना मी कधीही मासळीशिवाय भेटले नाही. हे लाचेसारखं वाटत असेल तर वाटू दे. बोईसरच्या बाजारात आईशेजारी पाटीमागे बसून मी एम.एस्सी. केलं, आणि तिथे एक गोष्ट पक्की शिकले: गिऱ्हाईक टोपलीपुढे थांबलं पाहिजे. थांबलं की पुढचं मी बघते. सर थांबायचे. पापलेट, घोळीचे तुकडे, थंडीत सुके बोंबील, जे हाताला लागेल ते मी स्कूटीवर पायाशी ठेवून नवापूरहून पालघरला न्यायचे. मासळीवरचा त्यांचा अभिप्राय त्याच संध्याकाळी फोनवर यायचा. "आजचं पापलेट जरा मऊ होतं हं." माझ्या प्रबंधाच्या प्रकरणावरचा अभिप्राय मात्र येत नव्हता.

विषय जवळ्याचा, म्हणजे बारीक कोलंबीचा होता. आमच्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात जवळा किती मिळतो, त्याच्यासोबत दुसऱ्या माशांची पिल्लं किती असतात आणि हंगामभरात ते कसं बदलत जातं, एवढंच मला शोधायचं होतं. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे तास घेतला तर पैसे आणि सुट्टी लागली की घरी. पीएच.डी. झाली तरच कायमच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती. दुसऱ्यांदा ती वाढणार नव्हती.

नमुने घ्यायला होडी हवी. होडी भावाची, आणि त्याला ती विकायची होती. खलाशी मिळत नव्हते, आणि कारखान्यातला एक ठेकेदार त्याला कामावर घ्यायला तयार होता. मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसले आणि एक हंगाम मागितला.

"अगो, मी थांबंन. तो ठेकेदार थांबंल काय?"

"दुसरा मिळेल. बोईसरात ठेकेदारांची कमी आहे काय?"

"तुझं पुस्तक होईपर्यंत मी म्हातारा होनार."

"होऊ दे की," वहिनी आतून म्हणाली. "डॉक्टरीणबाय हाय ना घरात. औषधं फुकट."

शेवटी सौदा ठरला. माझ्या फेऱ्यांचं डिझेल माझं. सुट्टीच्या दिवशी त्याची मासळी बाजारात मी विकायची, वहिनीने घरी बसायचं. भाऊ हरला की मान खाजवतो. त्याने मान खाजवली.

आता पाण्याचं सांगते, कारण सगळं तिथेच अडकलं. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला भरती-ओहोटीला जोर असतो, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी मंदावतं, त्याला आम्ही भांग म्हणतो. आमची डोल, म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं, पाण्याच्या ओढीवरच चालते. म्हणून उधाणात होडी कामाला आणि भांगात मोकळी. भांगात आमच्याकडे जाळी शिवतात, लग्नाची बोलणी करतात, दात दुखत असला तरी तो भांगात काढून घेतात. तेव्हा बहिणीला बाटल्या घेऊन दर्यात न्यायचं तर तेही भांगातच. भावाने तसं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आमच्या घरात ही विचारायची गोष्टच नाही. दर भांगाला मी बारीक जाळी ओढायचे, बाटल्या भरायचे आणि उधाणाचे दिवस घरी सूक्ष्मदर्शकाखाली पिल्लं मोजत बसायचे.

पहिले काही नमुने झाल्यावर, दसऱ्याच्या सुमाराला, पद्धतीचं प्रकरण लिहून मी सरांना दिलं. मुद्दाम आधी दिलं. कुठे चुकत असेन तर हंगाम हातात होता. नमुन्यांच्या तक्त्यात तारखेशेजारी तिथीही होती.

"बघतो," सर म्हणाले.

दिवाळीनंतर म्हणाले, "फाइल नको, डोळ्यांना त्रास होतो. प्रिंट द्या." प्रिंट दिली. संक्रांतीला म्हणाले, "ती प्रिंट कुठे गेली कोण जाणे. दुसरी द्या." दुसरी दिली, सोबत बोंबील दिले. बोंबील हरवले नाहीत. त्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर मी इतकी बसले की शिपाई मलाच विचारायचा, सर कधी येणार. एकदा आवाज चढवला तर म्हणाले, "मॅडम, संशोधनाला संयम लागतो." मी परत बाकावर जाऊन बसले. सही त्यांच्या हातात होती.

हंगाम संपला. होड्या किनाऱ्यावर ओढल्या, आणि भावाने ठरल्याप्रमाणे होडी डहाणूकडच्या माणसाला विकली. मधल्या काळात पहिला ठेकेदार हातचा गेला होता. दुसरा मिळाला, पण काम हलकं आणि पाळ्या वाईट. त्यावर भाऊ मला एक शब्द बोलला नाही.

जूनमध्ये सरांनी बोलावलं. स्टाफरूममध्ये डबा खात होते. प्रकरण टेबलावर होतं. आत समास सगळीकडे कोरा, आणि तक्त्याच्या कडेला पेन्सिलीने एकच ओळ: सगळे नमुने भांगाचे आहेत, उधाणाचे का नाहीत?

मी उभ्या उभ्या वाचलं. प्रश्न बरोबर होता. तेच जास्त लागलं. चुकीचा असता तर मी त्यांच्याशी भांडून निकाल लावला असता. जोराच्या पाण्यात किती पिल्लं वाहून येतात हे मोजल्याशिवाय माझ्या आकड्यांना काय अर्थ होता?

"बरं झालं ना," सर पोळी मोडत म्हणाले, "सबमिशनच्या आधी लक्षात आलं. आणखी एक हंगाम घ्या."

"होडी विकली, सर."

"भाड्याने घ्या."

"उधाणात कोण देईल? तेच त्यांचे कमाईचे दिवस. आणि मुदत दिवाळीला संपते. हे तुम्ही दसऱ्याला का नाही सांगितलं?"

"दसऱ्याला मी वाचलं नव्हतं."

इतकं सरळ उत्तर मी बाजारातसुद्धा ऐकलेलं नाही. मग माझा आवाज गेला वर. स्टाफरूममधले सगळे डबे थांबले. "तेव्हा होडी दर उधाणाला जात होती, सर. माझा भाऊ जात होता. एक बाटली तिच्यात मावली असती. एक!"

सर म्हणाले, "खाली बसा."

मी बसले नाही. हातातला माल खराब झालाय हे कळलं की तो असेल त्या भावाला काढायचा, हे मला येतं. मी म्हटलं, "शीर्षक बदला. फक्त भांगाच्या भरतीतला जवळा, असं करा. प्रबंध निम्मा होईल. होऊ दे. पण तसा अर्ज लिहिते, त्यावर सही आत्ता."

त्यांनी डब्याच्या झाकणावर कागद ठेवून सही केली. माझं कुठलंच काम त्यांनी इतक्या चटकन केलं नव्हतं.

वहिनीला सांगितलं तेव्हा ती हसून म्हणाली, "म्हंजे आमी घरात झोपलो तवा दर्यात काय चाललं, ते तू लिवलंस." मी तिच्यावर ओरडले. मग दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

तोंडी परीक्षेला भाऊ आला. इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत बसला. बाहेरगावचे परीक्षक सभ्य होते, प्रबंध त्यांनी खरंच वाचला होता. त्यांनी विचारलं, "काम नेटकं आहे. पण उधाणाचे नमुने का नाहीत?"

मी तोंड उघडायच्या आधी सर बोलले. "मी त्यांना तेव्हाच सुचवलं होतं."

तेव्हाच. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भाऊ अर्धा उठला होता. ताजव्याला बोट लावणाऱ्या माणसाची मी भर बाजारात इज्जत काढली आहे. पोलिसाशी भांडले आहे. त्या खोलीत मला फक्त "कधी?" असं विचारायचं होतं. परीक्षक माझ्याकडे बघत होते, त्यांच्यापुढे अहवालाचा कागद होता आणि त्यावर दोन सह्या व्हायच्या होत्या. दुसरी सरांची.

"हो," मी म्हटलं. "सरांनी सुचवलं होतं. होडीची अडचण होती."

भाऊ खाली बसला. सह्या झाल्या. समोसे आले. सरांनी स्वतः प्लेट माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता पार्टी कधी? मासळीची हं!"

घरी निघालो तेव्हा भाऊ स्कूटीवर मागे बसला होता. पालघर मागे पडलं. मग वाऱ्यात ओरडून म्हणाला, "होडीची अडचन? माझ्या होडीची?"

मी स्कूटीचा वेग वाढवला.

"मी आनली असती की गो बाटली. सांगायचंस."

पुढून ट्रक येत होता. मी रस्त्याकडे बघत राहिले. कारखाना जवळ पडतो म्हणून त्याने आता सरावलीला खोली घेतली आहे. तिथे तो उतरला. त्याची दुसरी पाळी होती. शर्टाची बटणं काढतच तो गल्लीत शिरला, मागे न बघता.