जिथे ओहोटी येत नाही

रात्रीच्या विमानासाठी आयने मला दुपारी एकलाच घराबाहेर काढलं. नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस होता. नारळीभाताचं पातेलं अजून अंगणात भिजत पडलेलं, काळी-पिवळी टॅक्सी कोळीवाड्याच्या तोंडाशी उभी, आणि तिच्यात बसायला मी सोडून सगळे उत्सुक. मामा तर पुढची सीट अडवून बसलासुद्धा होता. बाबा मात्र विमानतळावर येणार नव्हता. भरतीचं पाणी नुकतंच फिरलं होतं आणि ओढ लागायच्या आत त्याला खाडीत डोल लावायची होती. डोल म्हणजे दोन खुंटांना बांधलेलं मोठं पिशवीसारखं जाळं. पाणी ओढलं जाताना ते फुगतं आणि पाण्याबरोबर वाहत आलेली मासळी त्याच्या शेपटात साठते. मासळीच्या मागे धावायचं नाही, पाणी आणून देईल तेवढं घ्यायचं. आणि पाणी काही लेकीच्या विमानासाठी थांबत नाही.

"भिव नको गो," जाळं खांद्यावर घेऊन तो म्हणाला. "तिकरं पन समिंदर हाय ना? पान्याकरं बघायचा. पानी गेला का परत येतंच. थांबला, त समजायचा खारी मेली."

आमच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, म्हणून खाडीची खारी. मग तो थोडा पुढे जाऊन वळला आणि म्हणाला, "तू येस्तवर मी डोल सोरत नाय."

मी वीस वर्षांची होते आणि मला सगळ्याचीच भीती वाटत होती. विमानाची, विमानातल्या संडासाची, इंग्रजी बोलताना दातखीळ बसेल याची. पण पोटात खोल बसलेली भीती वेगळीच होती, आणि बाबाने जाता जाता नेमकं तिच्यावरच बोट ठेवलं होतं. गेली दोन वर्षं आमच्या खाडीतल्या मासळीला घासलेटचा वास मारायचा. आय ठाण्याच्या बाजारात पाटी घेऊन बसायची. गिऱ्हाईक बोय मासा उचलायचं, नाकाशी न्यायचं आणि परत ठेवायचं. आय घरी येऊन सांगायची नाही, पण पाटी खाली ठेवल्याच्या आवाजावरून कळायचं. कोळीवाड्यातल्या कितीतरी जणांनी होड्या उलट्या घालून कारखान्यांत नाहीतर बिल्डिंगांवर कामं धरली होती. मी परत येईन तेव्हा बाबा खाडीत असेल की नसेल, एवढा एकच प्रश्न मी सोबत घेऊन निघाले. आयने बॅगेत कोंबलेली सुक्या जवळ्याची पुरचुंडी धरली तर दोन गोष्टी.

मला पाठवलं ते कॉलेजातल्या झूऑलॉजीच्या मॅडमनी. डेन्मार्कमधल्या एका शाळेत वेगवेगळ्या देशांतली मुलं सहा महिने एकत्र राहणार होती. जमीन आणि समुद्र न ओरबाडता अन्न कसं मिळवायचं, ते एकमेकांच्या रीती पाहत शिकणार होती. मॅडम म्हणाल्या, "अगं, हे तुझ्या घरचंच शास्त्र आहे. बघून ये, आणि आल्यावर मला सांग." मला वाटलं, तिथून काहीतरी शिकून आणीन आणि आमची खाडी बरी करीन. विसाव्या वर्षी असं वाटतं.

शाळा समुद्राकाठी होती. गाव इतकं गप्प की पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणीतरी गेलंय. आमच्याकडे एवढी शांतता फक्त मयताच्या घरी असते, आणि तिथेही थोड्या वेळाने कुणीतरी हुंदका देतंच. मासळी मिळायची, पण थंडगार, साखर घातलेल्या व्हिनेगरमध्ये मुरवलेली. कोळ्याची पोर आणि मासळी बघून डोळ्यांत पाणी! काळ्या पावावर ती ठेवून मी कशीबशी गिळायचे आणि खोलीत जाऊन जवळ्याची पुरचुंडी नुसती हुंगायचे. खोलीतल्या मुलीने खिडकी उघडली, ती सहा महिने उघडीच राहिली.

शिकण्यासारखं मात्र खूप होतं. शेणाच्या गॅसवर चालणारा गोठा पाहिला. दोरांवर वाढवलेल्या शिंपल्या पाहिल्या, ज्यांना चारा घालावा लागत नाही. आम्हाला शिकवायचा येन्स, साठीचा, उंच, केस पांढरे झालेला. त्याला सगळे नुसतं येन्स म्हणायचे. मी "येन्स सर" म्हटलं की तो मागे वळून बघायचा, जणू दुसराच कुणी सर तिथे उभा आहे.

प्रत्येकाने आपल्या घरची एक रीत करून दाखवायची होती. मी डोल लावून दाखवणार म्हणून सांगितलं. येन्सने जुनी जाळी दिली, ती मी आठवडाभर बसून शिवली. खुंट ठोकायला चार पोरं मदतीला आली. दिवस मी निवडला. पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास भरती पुरी होते, मग पाणी फिरतं आणि उधाणाची जबरदस्त ओढ लागते. हे आम्ही बाराखडीच्या आधी शिकतो. सगळ्यांना जेवणं झाल्यावर किनाऱ्यावर बोलावलं. पहिल्यांदाच तिथे माझा आवाज सुटला होता. इंग्रजी सोडा, मी हातांनीसुद्धा बोलत होते.

सगळे गमबूट घालून उभे राहिले. मी पाण्याकडे बघत राहिले. डोल फुगेना. ओल्या परकरासारखी खुंटांना लोंबत राहिली. मी म्हटलं, थोडा वेळ थांबा. थांबले बिचारे. कुणीतरी थर्मासमधली कॉफी वाटली. काठावरचा एक दगड मी खूण म्हणून धरला होता. पाणी त्याच्या खाली उतरेना, वर चढेना.

येन्स हळूच जवळ आला. "आपण कशाची वाट बघतोय?"

"ओहोटीची."

तो हसला नाही, हे मी आजही विसरलेले नाही. "ती इथे येत नाही," तो म्हणाला. "इथला समुद्र आतल्या बाजूचा आहे. बोटभर हलतो, तेही वारा असला तर."

बी.एस्सी.च्या पुस्तकात हे कुठेतरी असणार. पण समुद्र आहे म्हणजे तो येणार आणि जाणार, हे मी कधी वाचलेलंच नव्हतं. ते मला ठाऊक होतं. घरात शिरताना जमीन आहे का, हे आपण कुठे विचारतो?

पोरं समजूतदार होती, टाळ्यासुद्धा वाजवल्या. मला त्या ऐकूच आल्या नाहीत. माझ्या कानांत बाबाचं वाक्य वाजत होतं. थांबला, त समजायचा खारी मेली. मी शिकलेली मुलगी, हे भूगोलाचं काम आहे, अपशकुनाचं नाही, हे मला कळत होतं. तरीही मला खात्रीच झाली की तिकडे काहीतरी संपलंय. खाडी, नाहीतर खाडीत उतरणारा माणूस.

येन्सने काही न विचारता ऑफिसातला फोन पुढे केला. घरी फोन कुठला? कोळीवाड्याबाहेरच्या पीसीओवाल्याला आधी सांगायचं, माणूस बोलावून ठेव, आणि मग पुन्हा फोन लावायचा. मधली मिनिटं मी ऑफिसच्या खुर्चीची कड धरून बसले. दुसऱ्यांदा लावला तेव्हा बाबाच्या धापा आधी ऐकू आल्या. जिवंत होता.

"बाबा, पाणी येतंय ना?"

"येतंय ना गो. पानी येवाचा र्‍हाते का?"

"आणि मासळी?"

"जेवतेस ना नीट?" तो म्हणाला. "बिल चरत असंल. ठेव."

मला कळलं. पुढचे महिने मी पुन्हा विचारलं नाही. शेणाचा गॅस शिकले, शिंपल्यांचे दोर शिकले, आणि शिकता शिकता हेही कळत गेलं की त्या शिंपल्यांना आधी स्वच्छ पाणी लागतं. बरं होण्याचं औषध होतं, पण ते घ्यायला आधी बरं असावं लागत होतं.

परत आले तेव्हा विमानतळावर बाबा आला होता. अंगात निळा शर्ट, खांद्याला पट्टी, खिशातून शिट्टीची दोरी लोंबणारी. डोंबिवलीच्या एका बिल्डिंगवर वॉचमन. ड्यूटीवरून तसाच आला होता. मी शर्टाकडे बघितलं, त्याने दुसरीकडे बघितलं. आयच म्हणाली, "दिवालीपासून." माझा फोन गेला होता तो दिवाळीच्या थोडेच दिवस आधी, म्हणजे तिकडे पाणी थांबलेलं दिसलं आणि थोड्याच दिवसांत बाबाने नोकरी धरली. हा नुसता योगायोग. असं मी स्वतःला अजून सांगते.

दुसऱ्या दिवशी त्याने मला होडीत बसवलं. खाडीत, कळव्याच्या पुलापलीकडे, दोन खुंटांना डोल बांधलेली होती. फुगलेली, टम्म.

"तू बोललेलास ते..."

"तू येस्तवर सोरनार नवतो. ड्यूटी रातची. दिवसा लावायचो."

आम्ही दोघांनी मिळून ती ओढून घेतली. शेपटात प्लास्टिकच्या पिशव्या निघाल्या, एक रबरी चप्पल आणि दोन खेकडे, आमच्या चिंबोऱ्या. जाळ्याला घासलेटचा वास येत होता. त्याने चिंबोऱ्या परत पाण्यात सोडल्या आणि खुंटाच्या गाठीवर माझा हात ठेवला. "आता सोर," म्हणाला. गाठ भिजून घट्ट झाली होती. माझी नखं मोडली, तो बघत राहिला, मदतीला आला नाही. सुटली तेव्हा आम्ही दोघंही रडलो, आणि पाणी आपलं ओढीने वाहतच राहिलं.

आता आम्ही डोंबिवलीला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मी कल्याणला शिकवते. कोळीवाड्यातून आखातात, अमेरिकेत गेलेले, आणि इथेच बसून त्यांच्या फोनची वाट बघणारे, सगळेच भेटले की विचारतात, तुला तिथे राहता आलं असतं, का आलीस? मी म्हणते, थंडी सोसली नाही. खरं म्हणजे त्या न हलणाऱ्या पाण्याजवळ मला झोप लागली नसती. पण आले तेही घरी नाहीच. जे घर सोडून गेले होते ते मी स्वतःच्या हातांनी सोडलं, गाठीसकट. तुमच्यापैकी जे लांब आहेत त्यांना हे कळेल: आपण परततो, आणि तरी भीती उतरत नाही.

इथे पाणी नळाला येतं. महापालिकेच्या लहरीवर. आलं की जिन्यातून ओरड होते, "पाणी आलं!" आणि बादल्यांची पळापळ. थोड्या वेळाने खालच्या काकू ओरडतात, "गेलं हो, पाणी गेलं!" एवढं साधं वाक्य, पण ऐकलं की माझा हात जिथे असेल तिथे थांबतो.

मग गॅलरीतून बाबाचा आवाज येतो. त्याला आता नीट दिसत नाही, तिथी मात्र तोंडपाठ आहे. खुर्चीतल्या खुर्चीत खाडीच्या दिशेला तोंड करून तो म्हणतो, "येल गो, येल. गेला का येतंच."

त्याचा आवाज आला की माझा हात पुन्हा कामाला लागतो. माझं घर आता एवढंच. काकू ओरडतात आणि गॅलरीतून उत्तर येतं, त्या दोन्हींच्या मधल्या क्षणात मी रोज श्वास धरून उभी असते.