बाळ कुठे पाहतंय

लहान बाळाच्या डोक्यात काय चाललंय हे त्याला विचारता येत नाही, म्हणून आम्ही ते कुठे पाहतंय हे मोजतो. हाच माझा धंदा. पडद्यावर दोन चित्रं लावायची, पडद्याखालचा कॅमेरा बाळाच्या बुबुळांचा माग काढतो, आणि माझ्या संगणकावर एक लाल ठिपका फिरतो. ठिपका जिथे, बाळाची नजर तिथे. एवढं सगळं समजावून झाल्यावर नातेवाईक विचारतात, "म्हणजे दिवसभर लेकरंच खेळवतं ना वं? अन् त्याचा पगार भेटते?" मी ऐकून घेते. ऐकून घेते म्हणजे काय, भांडते.

या यंत्राची खरी वैरीण म्हणजे काजळ. ज्यांनी ते बनवलं त्यांनी पुष्कळ बाळांचे डोळे पाहिले असतील, पण आमच्याकडच्या आज्यांनी सजवलेले डोळे काही पाहिले नसावेत. घरी पाडलेलं, तुपात खललेलं, चांगलं दणकून भरलेलं काजळ! काळं दिसलं की यंत्राला वाटतं हेच बुबुळ. मग ठिपका कधी कोपऱ्यात पळतो, कधी गायबच होतो. मी प्रत्येक आईला फोनवर बजावते, काजळ लावू नका. प्रत्येक आई "नाही लावत" म्हणते आणि लावून आणते. कॅमेऱ्यासमोर न्यायचंय म्हटल्यावर लेकराला बोडक्या डोळ्यांनी कोण आणेल?

त्या दिवशी खापरखेड्याच्या कॉलनीतून सासू-सून आल्या. कडेवर दहा महिन्यांचा मुलगा, आणि काजळ थेट कानापर्यंत. सासूबाई पाणी प्यायला गेल्या तशी सुनेने मला बाजूला घेतलं. मुलगा दिवस भरायच्या आधीच झाला होता, सुरुवातीचे कितीतरी दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होता.

"आमच्या आई म्हणतेत, पेटीतल्या लेकराले मायची ओळख लागत नाही," ती हळूच म्हणाली. "हा कोनाच्याबी कडेवर जाते, रडतबी नाही. मॅडम, हा मले ओळखते का, तेवढं मशीनवर पाहून सांगा ना."

मी सांगितलं, ताई, हे यंत्र तपासणीचं नाही. खूप बाळांचं मिळून काहीतरी कळतं, एका बाळाबद्दल ते काही सांगत नाही. तिने मान डोलावली. माझा एक शब्दही तिच्या कानात शिरला नव्हता, हे मला स्वच्छ दिसलं. राग मात्र मला तिचा नाही आला, सासूचा आला.

आधी काजळ. खोबरेल तेलाने हलक्या हाताने पुसलं, कॅमेरा लावायला वळले, परत पाहते तर डोळे पुन्हा काळेभोर! सासूबाईंच्या हातात डबी.

"काकू! आत्ताच पुसलं ना मी?"

"तं काय बोडकं ठेवू? तुमची मशीन लेकराकडंच टुकुटुकू पाहून राहिली. नजर लागन ना त्याले!"

त्या यंत्राला बाळाकडे पाहण्यावाचून दुसरं कामच नाही, हे तर खरंच होतं. शेवटी भाजीबाजारात होते तशी घासाघीस झाली. डोळे कोरे राहतील, बदल्यात दोन्ही तळपायांना तीट आणि एक कानामागे. त्यांनी कपाळावरचीही मागितली, ती मी दिली नाही.

मग बाळाला आईच्या मांडीवर बसवलं आणि आईच्या डोळ्यांवर काळा कागद चिकटवलेला गॉगल चढवला. आईला पडदा दिसला की ती नकळत एका बाजूला झुकते, तिच्यामागे बाळ झुकतं, आणि आमच्या प्रयोगाचं वाटोळं होतं. म्हणून तिला काहीच दिसू द्यायचं नाही. पडद्यावर दोन फोटो आले. एक तिचाच, आल्या आल्या काढलेला, दुसरा कुणा अनोळखी बाईचा. ठिपका झकास उमटला आणि सरळ त्या अनोळखी बाईवर जाऊन बसला. हलेचना.

सासूबाई माझ्या खांद्यावरून पाहत होत्या. मी ओठांवर बोट ठेवलं, पण खुणेने ऐकणारी बाई असती तर काजळाचा एवढा तमाशा झाला असता का?

"अवं, हा तं दुसऱ्याच बाईकडं पाहून राहिला!"

गॉगलखाली सुनेचं तोंड एवढंसं झालं.

"ताई, घाबरू नका," मी घाईघाईने म्हटलं. "लेकरं कधीकधी नवीन चेहऱ्याकडे जास्त पाहतात. ओळखीचा चेहरा त्यांचा पाहून झालेला असतो. म्हणजे तुम्हाला ओळखत असेल, म्हणूनच..."

"अन् माह्याकडं पाहिलं असतं तं?"

"तर... ओळखीचा चेहरा आवडतो, असं म्हटलं असतं."

"म्हणजे पाहिलं तरी ओळखते, नाही पाहिलं तरी ओळखते." ती जरा थांबली. "तुमचं बरं हाय मॅडम."

मला हसू आलं. बोलत होती ती थट्टेच्या सुरात, पण आवाज कापत होता. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडते. यंत्रावर चिडले, त्या फोटोतल्या निष्पाप बाईवर चिडले, आणि ठकठक बटणं दाबून पुढची फेरी लावली.

बाळाचा मात्र विज्ञानातला रस संपला होता. ते कुरकुरायला लागलं. मी खुळखुळा वाजवला, सासूबाईंनी टाळ्या पिटल्या, पडद्यावर कोंबडीचं पिल्लू नाचलं. त्याने कशाकडे ढुंकून पाहिलं नाही. आईचा खांदा धरून तो मांडीवर उभा राहिला, मागे वळला, समोरचा काळा गॉगल पाहिला आणि त्याने भोकाड पसरलं. आई मुकाट बसलेली, कारण बोलू नका, हलू नका, असं मीच तिला दटावलं होतं. त्याने गॉगलला हात घातला, ओढला आणि भिरकावून दिला. तिचे डोळे दिसले तसं रडणं तिथल्या तिथे बंद. नाकाला शेंबूड, गालांवर पाणी, आणि तो तिच्याकडे पाहतच राहिला. मग खुदकन हसला आणि तिचं अख्खं नाक तोंडात घ्यायला लागला.

माझ्या संगणकावर ठिपका नव्हता. कोऱ्या पडद्यावर सूचना आली होती, बाळ पाहत नाही.

सासूबाईंनी काजळाची डबी मिटून पिशवीत टाकली. सकाळपासून पहिल्यांदाच.

"मॅडम," पोराला छातीशी धरून सून म्हणाली, "हे आलं का तुमच्या मशीनमधी?"

"नाही आलं ताई. गॉगल निघाला की ती फेरी बाद होते."

"होऊ द्या बाद," ती म्हणाली. "मले दिसलं."