गेटसमोर सुरूच राहणारी गाडी

माझा भाऊ गेला हे आईला गाडीच्या आवाजावरून कळलं.

आज वर्ष झालं. सकाळी घरी बुद्धवंदना झाली, पाहुणे जेवून गेले. आता लिहून टाकते, नाहीतर पुन्हा हिंमत होणार नाही.

दादाची गाडी डिझेल, टर्बोवाली. सेकंडहँड, पण थाट असा की कालच शोरूममधून काढली.

नागपुरातल्या मिहानच्या ऑफिसातून ड्युटी करून आला की गेटसमोर गाडी लावायचा आणि इंजिन सुरूच ठेवून आत बसून राहायचा. रोज. मे महिन्यातही.

शेजारचे काका ओरडायचे, "काहून गा, फुकट डिझेल जाळून राहिला?"

"काका, टर्बो तापला आहे. एकदम बंद केली तर आतलं तेल थांबते, जळते. पळून आलेला माणूस धपकन झोपते का? दम खाऊ द्या न तिले."

मी म्हणायची, "दादा, तुझं लग्न या टर्बोशीच लावून देऊ."

हसायचा नुसता.

आईचं मात्र सगळं टायमिंग त्यावर बसलं होतं. गेटवर घरघर ऐकू आली की तवा चढायचा.

"आला वं तुया दादा. ताट घे."

इंजिन बंद होईपर्यंत पहिली पोळी फुगलेली असायची. दादानं घरात थंड पोळी कधी खाल्ली नाही.

त्या दिवशी ऑफिसातच त्याच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

फोन मला आला. मी तिकडे धावले. आईला काहीच सांगितलं नव्हतं. सांगणार कोण?

त्याचा मित्र प्रशांत दादाच्याच गाडीतून मला घरी घेऊन आला. गेटवर आला आणि त्यानं किल्ली फिरवली. गाडी लगेच बंद.

आत गेलो. तवा गॅसवर. आई लाटणं हातात धरून उभी.

"गाडी कोणं आणली?"

मी पुढे होऊन गॅस बंद केला.

"माया पोरगा अशी बंद नाही करत. कुठी आहे वं तो?"

नंतर मी गाडी शिकले. दादाचा नियम आपण पाळायचा म्हणून मीपण गेटसमोर सुरू ठेवून बसायची. खरं सांगते, तेवढा वेळ तो बाजूला असल्यासारखं वाटायचं.

एकदा आत आले तर तवा तापलेला, पोळी ताटात. आई माझ्या मागे दाराकडे बघून राहिली होती.

मग म्हणाली, "आल्या आल्या बंद करत जाय वं गाडी."

"आई, टर्बो खराब होईल न."

"होऊ दे. मले रोज वाटते, तोच आला."

दादा, मी आता तुझी गाडी गेटवर येताच बंद करते. गरमच. लय जिवावर येते गा. तू असता तर टपली मारली असती.

टर्बो गेला तर जाऊ दे. आई राहिली पाहिजे.

तुझ्या आठवणींना अभिवादन. जय भीम, दादा.