कल्याणला नेलेली काळजं

छोट्या दवाखान्यात वीस वर्षं काढली की कपाटात फायलींपेक्षा किस्सेच जास्त साठतात. फायलींना वाळवी लागली, किश्श्यांना नाही लागली!

शहापूरला डॉक्टरांकडे मी सिस्टर होते. दोन हजार सालानंतर कल्याणला हृदयाचा सीटी स्कॅन होऊ लागला, आणि पेशंटची तयारी करून त्याला जीपने तिकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं. आठवलं की हसू येतं. पण हल्ली हसून झाल्यावर जरा गप्प बसावंसं वाटतं.

पहिले नेले ते खर्डीचे बाळूमामा. स्कॅनला नाडी हळू चालावी लागते, म्हणून मी बजावलं होतं, "मामा, आदल्या दिवसापासून चहा बंद. एक घोटसुद्धा नाही!"

कल्याणला पोचलो तर नाडी शंभरावर.

"मामा, चहा प्यालात?"

"आईशप्पत नाय! चायला हातबी लावला नाय."

मामीही त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. "खरंच नाय प्याले ओ ताय. चाय बंद म्हनून मी दोनदा कॉफी करून दिली!"

स्कॅन रद्द. येताना मामाच माझी समजूत घालत होते, "तुमची काय चूक नाय." चूक माझीच होती. कॉफीचं नाव मी घेतलंच नव्हतं.

मग मुरबाडचे एक आजोबा. नाडी हळू करायची गोळी सकाळी घ्या म्हणून हातात दिली होती. तिकडे पोचल्यावर पाहते तो आजोबांची नाडी जोरात, आणि सोबत आलेल्या आजींना चक्कर!

आजोबा शांतपणे म्हणाले, "आमी लगीन झाल्यापासना सगलं अर्धं अर्धं खातो."

आज हा किस्सा मी कौतुकाने सांगते. त्या दिवशी मात्र भरल्या हॉलमध्ये आजींवर ओरडले होते. पुढे आजोबा एकटेच दवाखान्यात यायचे. "आजी कुठंयत?" विचारलं तर म्हणाले, "ती बोलते, नको. ताय वरडते."

म्हसा गावच्या काकूंची तऱ्हा वेगळीच. मशीनमधून बाईचा आवाज येतो, "साँस अंदर लो. साँस रोको." तेवढा वेळ गप्प पडून राहायचं. पण कोणी बोललं आणि काकूंनी उत्तर दिलं नाही, असं कसं होईल?

"घेतला गो बाय श्वास! पन तू बसलीस कुठं?"

फोटो हलला. पुन्हा आवाज, पुन्हा उत्तर! तिसऱ्यांदा कसाबसा जमला. टेबलावरून उतरल्यावर म्हणाल्या, "त्या पोरीला सांगून जाते. एकटीच असते बिचारी."

मी म्हटलं, "काकू, ती रेकॉर्ड केलेली आहे. आत कोणी नसतं."

काकूंचा चेहरा उतरला. कशाला सांगितलं मी?

आमच्या हेडमास्तर गुरुजींचा किस्सा मी फारसा सांगत नाही. स्कॅनच्या वेळी शिरेतून औषध देतात, तेव्हा अंगभर गरम वाटतं आणि लघवी झाल्याचा भास होतो. मी प्रत्येकाला हे आधी सांगायचे. गुरुजींनी मला चौथीला शिकवलेलं. त्यांना हे कसं सांगणार? नाही सांगितलं.

स्कॅन झाला. गुरुजी टेबलावरून उठेनात.

"मला चादर दे," डोळे मिटूनच म्हणाले, "आणि तू बाहेर जा."

"गुरुजी, काही झालेलं नाही. कपडे कोरडे आहेत. औषधाने तसं वाटतं, सगळ्यांनाच वाटतं."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"



आणि काळूदादा. मुरबाडच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरचे, बायको नाही, मूलबाळ नाही. फॉर्मवर नातेवाइकाची सही लागते म्हणून धाकटा भाऊ मंगळ आला. बांधावरून दोघांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. जीपमध्ये एक या खिडकीशी, दुसरा त्या खिडकीशी, मध्ये मी!

मंगळने अंगठा दिला आणि दाराशी उभा राहिला. आतून "साँस रोको" ऐकू आलं की हा बाहेर श्वास धरायचा! तोंड लाल व्हायचं.

"अहो, तुम्ही कशाला?"

"त्याला एकट्याला जमाचा नाय," तो म्हणाला.

परतीलाही दोघं दोन खिडक्यांशीच बसले.

रिपोर्ट शनिवारी आला. डॉक्टर गावाला गेले होते. मी पाकीट न उघडता कपाटात ठेवलं. सोमवारी डॉक्टरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "शनिवारीच कळवायला हवं होतं." निरोप धाडेपर्यंत मंगळच दारात उभा. एकटा. डोकं भादरलेलं.

"काल गेला," म्हणाला.

 

मग त्यानेच विचारलं, "त्याचा फोटो आला का?"

मी पाकिटातून फिल्म काढून दिली. त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली, खूप वेळ पाहिली.

"मी नेऊ? घरात त्याचा एकबी फोटो नाय."

मी मान हलवली. त्याने फिल्म उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"वरची बाजू कोनती गो ताय?"