इंग्रजी सिनेमाचा मराठी भोंगा

"मागं बघ! अरे मेल्या, मागं बघ, जिन्यावर हाय तो!"

बायकांच्या बाजूला आमची मावशी उभी राहून ओरडत होती आणि पडद्यावरचा गोरा पोलीस काही केल्या ऐकत नव्हता. ऐकणार कसा? त्याला मराठी येत नव्हतं. आणि ज्याला येत होतं तो मी, पडद्याशेजारी खुर्चीवर उभा राहून, पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून, दरोडेखोराच्या बाजूनं बोलत होतो. टोपीवाल्या दरोडेखोरानं जिन्यावरून बार काढला. पोलीस कठड्यावरून उलटा होऊन खाली आला. त्याबरोबर तंबूत टाळ्यांचा असा कडकडाट झाला की, खोटं सांगत नाही, रेवदंड्याच्या किल्ल्यातली वटवाघळं उठली ती थेट खाडी ओलांडून कोर्लईला जाऊन बसली.

टाळ्या थांबल्या तरी मावशी उभीच होती.

"मेला नाही!" मी भोंग्यातून ओरडलो. "गोळी पट्ट्याच्या बकलावर लागली! नुसता बेशुद्ध झालाय!"

हे मी का ओरडलो ते सांगायला जरा मागं जावं लागेल.

त्या हिवाळ्यात चौलच्या माळावर तंबूतला सिनेमा आला होता. तंबूला ठिगळं इतकी की मूळ कापड कोणतं यावर पैज लागावी. तंबूवाल्याला मुंबईहून एक इंग्रजी पिक्चर कुणीतरी गळ्यात मारला होता: पोलीस आणि दरोडेखोर, पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळापर्यंत ठो ठो. गोळीबार गावाला समजण्यासारखा होता. अडचण होती ती मधल्या बोलण्याची. मी मुंबईत दीड वर्ष कापडाच्या पेढीवर गठ्ठे बांधून परत आलेला, म्हणजे गावाच्या हिशेबानं इंग्रजीतला पंडित. तंबूवाल्यानं मला चहा पाजला आणि भोंगा हातात दिला. इंग्रजीवर माझी हुकमत अशी की गोरा माणूस काय बोलणार ते तो तोंड उघडायच्या आधीच मला समजे. तोंड उघडल्यावर मात्र काही समजत नसे.

मग मी रचत गेलो. टोपीवाला दरोडेखोर दिसायला देखणा होता, तेव्हा त्याची बाजू मी घेतली. त्याला एक अंथरुणाला खिळलेली आई दिली, लग्नाची बहीण दिली, सावकारानं गिळलेली आमराई दिली. अमेरिकेत आमराई असते का, असं कुणी विचारलं नाही. बँक फोडताना तो साथीदाराला काहीतरी खेकसला, तर मी भोंग्यातून हुंदका देत सांगितलं, "म्हणतो, आईचं औषध आजच गेलं पाहिजे!" बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पोलिसांना मी फक्त "धरा" आणि "सोडू नका" एवढंच बोलायला दिलं होतं.

आता मावशी. ती माझी सख्खी मावशी नव्हे, अख्ख्या पाखाडीची, म्हणजे आमच्या आळीची मावशी. वाडीतली विड्याची पानं आणि अबोलीचे गजरे रेवदंड्याच्या बाजारात नेऊन विकायची. तिचा एकुलता मुलगा आठ महिन्यांपूर्वी मुंबईला पोलिसात लागला होता. मुंबईत आम्ही एकाच खोलीत राहिलेलो, म्हणून मला ठाऊक: भरतीला त्याची छाती अर्धा इंच कमी भरली, तर हा पठ्ठ्या गावी येऊन महिनाभर ओहोटीच्या वेळी वाळूत धावला, केळी खाल्ली, परत गेला आणि छाती फुगवून आत शिरला. नोकरी लागली त्या दिवशी खोलीतल्या प्रत्येकाला त्यानं सलाम ठोकला होता, मोरीतल्या उंदरालासुद्धा. निळ्या चड्डीतला आणि पिवळ्या टोपीतला त्याचा फोटो मावशीच्या भिंतीवर होता.

मावशीनं जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. पोलिसांचा पिक्चर आहे असं कळल्यावर ती पहिल्यांदा तंबूत आली. मला दारातच म्हणाली, "माझ्या पोराचं काम कसं असतं ते तरी बघू दे." सुरुवातीला तिची एकच तक्रार होती. "ह्या पोलिसांना फुल पँट आणि माझ्या पोराला चड्डी का रं?"

तर तो पोलीस पडला, टाळ्या झाल्या आणि मला मावशी दिसली. म्हणून मी बकलाची गोष्ट काढली.

पण पुढच्याच रिळात पेटी आली. लांब, काळी, चकचकीत पेटी. सहा जणांच्या खांद्यावर. मागून काळ्या कपड्यातली, तोंडावर जाळी घेतलेली म्हातारी. रांगेत उभे पोलीस, आकाशाकडे बंदुका. भोंग्यातून म्हटलं, "शुद्धीवर आला! त्याची बदली झाली! ही त्याच्या सामानाची पेटी! आई रडते आहे, कारण बदली लांब झाली!" बंदुकांचे बार झाले तेव्हा म्हणालो, "निरोपाची सलामी!"

मंडळी, लोकांनी ते मानलं. मुंबईला निघालेल्या माणसाच्या ट्रंकेमागं रडत जाणाऱ्या आया चौलात काय कमी होत्या? फक्त मावशीच्या शेजारी बसलेल्या कोर्लईच्या ख्रिस्ती बाईनं मान खाली घालून कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावला. ते मी पाहिलं आणि पुढचं रीळ जोरजोरात सांगू लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाव्याच्या दुकानात कोर्टच भरलं होतं.

"दरोडेखोरच खरा गडी," न्हावी वस्तरा परजत म्हणाला. "एवढ्या धावपळीत दाढी रोजच्या रोज. पोलिसांचे गाल बघा, नुसते खुंट!"

"गोळ्या किती फुकट घालवल्या," सुपारीच्या वाडीचा एक मालक हळहळला. "निम्म्या मला दिल्या असत्या तर वाडीत एक वानर ठेवला नसता."

आमच्या चौकीचे हवालदार साबण लावून बसले होते. त्यांना बदलीचं दुःख होतं. "माझ्या पाच बदल्या झाल्या. बंदुकांची सलामी राहू दे, बैलगाडीसुद्धा माझी मीच ठरवली."

"पण हवालदार," न्हावी म्हणाला, "पोलीस पडला तेव्हा सगळ्यांत मोठी टाळी तुमची होती."

"मग? तो साहेब होता. टोपीची चकाकी बघितली नाही? साहेब पडला म्हणून वाजवली. शिपाई असता तर हात उचलला नसता."

दुकान हसलं. मीही हसलो, आणि काल भोंग्यात मी किती रंग भरला ते ऐकायला मिळतंय का म्हणून आणखी थोडा वेळ बसलो.

घरी आलो तर मावशी ओटीवर बसलेली. हातात कोरं पोस्टकार्ड.

"लिही," ती म्हणाली. "चिरंजीवास आशीर्वाद. नोकरी सोडून घरी ये."

"मावशी, अगं सिनेमा तो! आणि तो पोलीस काही मेला नाही. बकलावर..."

"कोर्लईच्या बाईनं पेटी कसली ते मला सांगितलंय."

मी बकल सोडून दिलं. मग म्हणालो, "पण आपल्या मुंबईत असं होत नाही. तिथं एवढ्या बंदुका कुणाकडे आहेत?"

"मरणाचं न्हाय मी म्हणत," मावशी म्हणाली. "मरण कुठंबी येतं. ह्याचा बाप माडावरून पडला, तेव्हा अख्खी पाखाडी जमली. ज्यांचं आमचं भांडण होतं तेबी आले. एक माणूस हसला न्हाय. आणि काल तो पोरगा पडला तर टाळ्या वाजवल्या. आपल्याच लोकांनी. हवालदारांनीसुद्धा."

"ते दरोडेखोराच्या बाजूनं होते म्हणून."

"व्हय. तूच केलंस त्यांना त्याच्या बाजूनं. त्याला आई दिलीस, भैण दिलीस. पोलिसाला का न्हाय दिलीस आई?"

"होती की. शेवटी, काळ्या कपड्यातली."

"ती पेटीबरोबर आली. तवर कुठं होती?"

मी कार्ड लिहिलं, तिला वाचून दाखवलं. टपालपेटी माळाच्या वाटेवर होती, म्हणून तिनं ते माझ्याकडेच ठेवलं आणि ती पानांची टोपली घेऊन बाजाराला गेली.

संध्याकाळी मी टपालपेटीपाशी थांबलो. कार्ड अर्धं आत गेलं होतं. मला तो वाळूत धावणारा दिसला, केळी खाणारा, उंदराला सलाम ठोकणारा. कार्ड बाहेर ओढलं, खिशात घातलं आणि तंबूत जाऊन भोंगा उचलला.

त्या संध्याकाळी मी पोलिसाला आई दिली. पहिल्या रिळातच दिली. तो नुसता रस्ता ओलांडत होता, तरी मी सांगितलं, "हा एकुलता. आई वाडीत पानं खुडते. भिंतीवर ह्याचा फोटो आहे, रोज पदरानं पुसते." अमेरिकेत विड्याची पानं होतात की नाही मला आजही माहीत नाही, पण त्या संध्याकाळी भरघोस झाली. तो कागदावर काही खरडताना दिसला तर म्हणालो, आईला पत्र लिहितोय. आरशासमोर टोपी घालताना दिसला तर म्हणालो, छाती अर्धा इंच कमी भरली होती, धावून धावून वाढवली. दरोडेखोरालाही त्याची आई ठेवली. दिलेली आई परत कशी घेणार?

मग जिना आला. बार झाला. पोलीस कठड्यावरून खाली आला.

तंबूत बाहेरच्या विजेच्या इंजिनाची धडधड तेवढी ऐकू येत होती. हवालदार पुन्हा आले होते. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. पेटी आली तेव्हा मी भोंगा खाली ठेवला. कुणी विचारलं नाही की पेटी कसली.

तेव्हा मला स्वतःची भीती वाटली, असं लिहिलं तर मी फार शहाणा होतो असं दिसेल. खरं म्हणजे छाती फुगली. तीच गोळी, तोच जिना, जवळजवळ तीच माणसं. आणि काल वाजलेले हात आज माझ्या चार वाक्यांनी गप्प बसवले! भीती वाटली ती घरी गेल्यावर. आदल्या दिवशीचे हातही मीच वाजवले होते, हे तेव्हा कुठं नीट डोक्यात शिरलं.

तंबूवाला मात्र निघतानाच चिडला होता. "उद्यापासून त्या पोलिसाची आई काढ! लोक असे गप्प घरी गेले तर उद्या कोण येईल?" आणि न्हावी म्हणाला, "काल काय रंगला होता! आज रिळं बदललीत वाटतं."

सकाळी उठल्याबरोबर मी मावशीच्या वाडीत गेलो. ती पाटावर बसून पानं लावत होती; मोठी एकीकडे, लहान एकीकडे. मी धापा टाकत सगळं सांगितलं: पोलिसाची आई, भिंतीवरचा फोटो, हवालदारांचे मांडीखालचे हात. थोडं वाढवून सांगितलं असेल. न्हाव्याच्या डोळ्यांत पाणी होतं असंही म्हणालो.

"एकानं टाळी वाजवली नाही, मावशी. एकानंसुद्धा नाही." मी खिशातून कार्ड काढलं. "आता हे फाडू ना?"

तिनं एक पान उलटून पाहिलं, डाग होता म्हणून बाजूला टाकलं.

"मुंबईत भोंगा घेऊन तू नसतोस," ती म्हणाली. "कार्ड टाक."