दोन हजार भूकंपांची टाकी

उमरीची महामाया सोनकांबळे पाणीपुरवठ्याची इंजिनिअर. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका गावची टाकी तिच्याकडे तपासायला आली. टाकी सहा उंच खांबांवर उभी, कागदोपत्री भक्कम. साहेबांनी फाईल देतानाच सांगितलं, "नियमाप्रमाणे हिशोब बसतोय. सही करा."

तिनं सही केली नाही. सहाही खांबांतून काँक्रीटचे नमुने काढून घेतले. एकाची ताकद दुसऱ्याशी जुळेना, दोन खांब तर पारच कच्चे निघाले. धक्का कसा येईल, तेव्हा टाकीत पाणी किती असेल, हेही कुठं ठरलेलं असतं? म्हणून तिनं कॉम्प्युटरवर ती टाकी दोन हजार वेळा हलवून पाहिली. दरवेळी धक्का निराळा, पाणी कमीजास्त, खांबांची ताकदही कमीजास्त. एकशे चाळीस वेळा टाकी कोसळली, बहुतेकदा अर्धी भरलेली असताना.

दुरुस्ती म्हणजे दोन महिने नळ बंद. ग्रामपंचायतीत सगळे चिडले होते. सरपंच चतुराबाईंनी विचारलं, "म्याडम, भूकंप केवढा येनार हाय, तेवढं सांगा."

"ते कुणालाच सांगता येत नाही, मावशी. पण शंभरात सात वेळा ही टाकी पडते, तीही बहुतेकदा अर्धी भरलेली असताना, एवढं सांगता येतं."

"आन् अर्धी भरल्यावरच का पडती?"

"पाण्याला हलायला जागा मिळते म्हणून."

"हाव. अर्धी घागर लई हिंदकळती, मान मोडून ठिवती." मग चतुराबाई सदस्यांना म्हणाल्या, "टँकर सांगा."

खांबांभोवती सळया बांधून नवं काँक्रीट चढलं, मधे आडव्या तुळया आल्या. महामायानं पुन्हा दोन हजार धक्के दिले. आता टाकी चारदाच पडली.

पुढच्या वर्षी एका सकाळी सव्वासहाला जमीन खरंच हादरली. महामाया नऊच्या आत गावात पोचली. टाकी जवळपास अर्धी होती. तिनं शिडी लावून एकेक सांधा हात फिरवून पाहिला. गिलाव्याला केसाएवढ्या चिरा होत्या, आत काँक्रीट अखंड. खाली उतरून ती शिडीच्या शेवटच्या पायरीवरच बसली आणि हसायला लागली.

"पानी सोडू का?" चतुराबाईंनी विचारलं.

"सोडा, मावशी."

दुपारी साहेबांचा फोन आला. तालुक्यातल्या बाकीच्या एकोणीस टाक्याही तिच्याच पद्धतीनं तपासायच्या होत्या.

"तपासते, सर," ती म्हणाली. "नमुने काढायची परवानगी तेवढी आजच लेखी द्या."