बाल्कनीपुढची बाग

शेजारचा सुयश ठाण्याहून नाशकात राहायला आला तो गोदावरीच्या खोऱ्यावर उपकार करायलाच. "काका, आपण कुठं राहतो ते तुम्हाला कळतच नाही," असं तो मला पहिल्या भेटीत म्हणाला. मी जन्मापासून इथला. अंबडच्या कारखान्यात हयात घालवून दिंडोरी रस्त्याला हे रो-हाउस घेतलं. आणि हा मला नाशिक शिकवणार!

ठाण्याचा फ्लॅट विकून त्यानं माझ्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर घेतलं, ते फक्त बाल्कनीपुढं झुंबरभाऊंची द्राक्षबाग होती म्हणून. घराला ओल होती, नळाला पाणी बेताचं होतं, ते त्याला दिसलंच नाही. सकाळी तंग चड्डी घालून सायकल, रविवारी धरणावर होडी, संध्याकाळी बागेकडं तोंड करून कॉफी. त्याची बायको स्नेहा म्हणायची, "आमच्या लग्नाचे नसतील एवढे फोटो ह्या बागेचे आहेत." पण खरं सांगतो, त्या बागेपुढं बसला की पोरगा निवायचा. ठाण्यात त्याला गोळी घेतल्याशिवाय झोप येत नसे. इथं असा घोरायचा की भिंतीपलीकडं मला ऐकू यायचं.

पहिल्याच एप्रिलात त्याची गाळण उडाली. माल निघून गेल्यावर झुंबरभाऊंनी दरवर्षीसारखी खरड छाटणी केली आणि हिरव्यागार बागेचे नुसते खुंट उरले. बाग बिल्डरला विकली, असं सुयशनं परस्पर ठरवून टाकलं. कॉलनी गोळा केली, 'द्राक्षबाग वाचवा' असे फलक रंगवले आणि मोर्चा थेट बांधावर नेला. झुंबरभाऊंनी तंबाखू मळत सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, दरसाल कापावीच लागती," ते म्हणाले. "नायतर द्राक्षं काय तुमच्या फलकाला लागतील?"

थोड्या दिवसांत वेलींना फूट आली. दुसऱ्या कुणी तोंड लपवलं असतं, हा तज्ज्ञ झाला. 'खोऱ्यात राहायला या' म्हणून मोबाइलवर व्हिडिओ टाकायला लागला. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे मित्र यायचे, त्यांना बाल्कनीत उभं करून हा छाटणी समजवायचा. जाताना ते विचारायचे, इकडं फ्लॅट मिळेल का? "मिळेल की," हा म्हणायचा. "या तर खरं."

यंदा एप्रिलात बाग पुन्हा कापली. पाहुणे हळहळले.

"घाबरू नका, खरड छाटणी आहे," सुयश म्हणाला.

मी पाहिलं तर घाव पार बुंध्याशी घातलेले. "सुयश, ही छाटणी दिसत नाही रे," मी म्हटलं.

"काका, तुमचं आयुष्य कारखान्यात गेलं."

म्हटलं, बरं बाबा, तू शहाणा. मग वेलींच्या मांडवाच्या तारा निघाल्या, तर म्हणे तारा बदलतात. लोखंडी अँगल निघाले, तर म्हणे गंजले असतील. जेसीबी आला तेव्हा, जमीन भुसभुशीत करतायत, असं तो स्नेहाला समजावत होता. आवाज मात्र पार खाली गेला होता.

दुसऱ्या दिवशी झुंबरभाऊ नवा शर्ट घालून पेढे घेऊन आले ते थेट सुयशकडं. मी दारातच होतो.

"साहेब, तुमचे लय उपकार झाले," ते म्हणाले. "बिल्डर म्हनला, तुमचे व्हिडिओ बघून लोक निस्ते तुटून पडलेत. इमारतीचा पाया अजून खनला बी नाय, तवर तुमचे दोस्त बुकिंग करून बसले. सगळ्यांना बागेकडचीच बाजू पायजे."

"कुठली बाग?" सुयशनं विचारलं.

झुंबरभाऊ गोंधळले. "हीच की. तुमच्या व्हिडिओतली."

सुयश पेढा हातात धरून तसाच उभा राहिला. मला त्याचा संताप आला. बाग माझ्याही दारासमोर होती. आणि त्याचं तोंड बघून कीवही आली.

मित्र आता फोन करून त्याला विचारतात, काम कुठवर आलं? तो बाल्कनीतून बघून सांगतो. भिंतीपलीकडून घोरणं मात्र ऐकू येत नाही.